हजेरीपटावरची हळद

शाळेचं कपाट उघडलं की आधी उंदरांचा वास येतो, मग कागदाचा. मुख्याध्यापक सर नवीन आहेत, तरणे, बोलायला गोड. मला माझ्या लेकीच्या, वैष्णवीच्या जात पडताळणीसाठी तिचा निर्गम उतारा, म्हणजे शाळा सोडल्याच्या नोंदीची नक्कल, पाहिजे होती आणि ते जाडजूड रजिस्टर नेमकं सगळ्या गठ्ठ्यांच्या खाली. सर एकेक गठ्ठा काढत होते. "ताई, जरा धरा हे," म्हणत होते. घरी हळदीची मोडणी, म्हणजे गड्डे मोडून कांड्या वेगळ्या करायचं काम चालू, हात पिवळेजर्द, म्हणून मी पदराच्या टोकानं धरून बाकावर ठेवत होते.

पाचवा का सहावा गठ्ठा असेल. लाल फडक्यातून एका हजेरीपटाची कड बाहेर आलेली आणि त्या कडेला फिकट पिवळी झाक. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, कागद जुना झाला. मी मात्र ती झाक लगेच ओळखली. मी गाठ सोडली, हजेरीपट काढला आणि सरळ नाकाला लावला. सरांनी बघितलं आणि पुढचा गठ्ठा काढला. वास काही उरला नव्हता. दहा वर्षं मोहरीचा वास कुठं टिकतो?

आमचं गाव डोंगरकडा गावाच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. फेब्रुवारी लागला की गावाला एकच वास असतो. आधी नांगरानं सऱ्या फोडलेल्या ओल्या मातीचा, त्यात हळदीचा तिखट, आल्याच्या जवळचा. मग कुकर लागतो, म्हणजे हळद शिजवायचे मोठाले पिंप आणि खाली जाळ. त्याची वाफ गल्लीगल्लीतून फिरते, वाळत घातलेल्या कपड्यांत बसते, चहालासुद्धा लागते. दुपारी कुठून तरी वाळल्या हळदीला पॉलिश करायच्या ड्रमचा गडगडाट ऐकू येतो. त्या दोन महिन्यांत शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरी पिवळ्या, पोळ्यांवर बोटं पिवळी, आणि गावातली कुत्रीसुद्धा पिवळ्या पायाची.

वैष्णवी तेव्हा तिसरीत होती. घरात आम्ही तिला वैषू म्हणतो. तिला वाचायचं याड होतं, अन् तेही मोठ्यानं. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, भिंतीवरची निवडणुकीतली अर्धी पुसलेली नावं, काहीही. एकदा खताच्या पोत्यावरचं 'हूक लावू नका' वाचून तिनं हमालालाच दरडावलं होतं, "काका, वाचता येत न्हाई का?" हमाल इतका हसला की पोतं खाली ठेवून बसला. बाळापूरच्या बाजाराला जाताना ती माझ्या मांडीवर खिडकीपाशी बसायची आणि वाटेतली एक पाटी सोडायची नाही. मागच्या बाकावरचे म्हातारे म्हणायचे, "पोरगी हाय का रेडिओ?"

त्या साली जूनमध्ये शाळेत नवीन मॅडम आल्या. वसमतहून यायच्या, सकाळच्या एसटीनं. दिवाळीपर्यंत बऱ्या होत्या. पोरींच्या वेण्या घालून द्यायच्या, गाणी शिकवायच्या. मग शाळेतल्या दुसऱ्या सरांना कसल्याशा कामावर तालुक्याला नेलं आणि पहिली ते चौथी एकट्या मॅडमच्या गळ्यात पडली. शिकवायचं, खिचडी बघायची, मतदारयादीला घरोघर फिरायचं आणि वरून फोन. दर अर्ध्या तासाला कुणी ना कुणी साहेब माहिती मागायचा, आणि ती आजच पाहिजे असायची. हे मला आता सांगता येतं. तेव्हा एवढंच दिसायचं की मॅडम वसकन अंगावर येतात. डस्टर टेबलावर आपटतात. डोकं आहे का मडकं, म्हणतात.

वैषूला त्यांनी कधी मारलं नाही, हे खरं ते सांगते. एक दिवस ती उभी राहून धडा वाचत होती. एका शब्दाला अडली. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला आणि त्या ओरडल्या, "बस खाली! वाचता येत नाही तर उभी कशाला राहतेस? वेळ खातेस माझा." बस, एवढंच. मोठ्या माणसाला काही वाटणार नाही. पण माझं लेकरू खाली बसलं ते बसलंच. घरी आल्यावर काही बोललं नाही, बाजाराला जाताना खिडकीकडं बघितलं नाही. मी मुद्दाम म्हणलं, "वैषू, ती पाटी कशाची गं?" तर म्हणली, "माहीत न्हाई." रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं, रविवार सोडून.

माझा जीव थाऱ्यावर राहिना, कारण हे मी आधी बघितलेलं होतं. मी सहावीत असताना गुरुजींनी माझ्या पाठीत छडी घातली होती. माझा बाप बैलाचा चाबूक घेऊन शाळेत गेला आणि सगळ्या गावासमोर त्यानं गुरुजींचा पाणउतारा केला. लोक म्हणले, बाप असावा तर असा. मलाही दोन दिवस लई भारी वाटलं. पण त्या दिवसापासून गुरुजी मला काही म्हणेनात. काहीच म्हणेनात. वही तपासायचे नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत, नजर माझ्यावरून पुढच्या पोरीवर जायची. दोन महिन्यांनी मी आपोआप घरी राहिले आणि का राहिले म्हणून कुणी विचारलंही नाही. माझी शाळा अशी गेली. वैषूची तशी जाऊ द्यायची नव्हती, आणि ती जाताना मला डोळ्यानं दिसत होती.

तर मी काय केलं? वानवळा पाठवला. आमच्यात रीतच आहे, शेतातलं पहिलं काही निघालं की चार घरी द्यायचं. मी म्हणलं, परगावची बाई, जाऊन येऊन करते, हिला कोण काय देतं? ओल्या हळदीचं लोणचं केलं. हळदीच्या चकत्या, आलं, हिरवी मिरची, मोहरीची डाळ, लिंबं पिळून वर गरम तेल. स्टीलच्या डब्यात भरलं आणि वैषूच्या हातात दिलं. "मॅडमला दे. आईनं पाठवलं म्हण." मला वाटलं, तोंडाला चव आली की बोलण्यालाही येईल.

पोरीनं डबा काखेत धरून नेला. झाकण नीट बसलं नव्हतं. बसवलं कुणी होतं? मीच. तिनं तो टेबलावर ठेवला, आणि ठेवला तो उघड्या हजेरीपटावर. तेल आणि लिंबाचा रस सुटला तो थेट त्या महिन्याच्या पानावर. दोन दिवसांनी तपासणीला साहेब यायचे होते. मॅडमनी काय करावं? ओल्या फडक्याला साबण लावून पान पुसलं. हळदीला साबण लावला की ती लाल होते, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. पिवळा डाग कुंकवासारखा लालभडक झाला, आणि मग मॅडम ज्या ओरडल्या त्या म्हणे हातपंपावरच्या बायांनीही ऐकल्या. "कुणी सांगितलं होतं तुला? ऊठ! बाहेर हो!"

वैषू बाहेर झाली आणि चालत घरी आली, दप्तर तिथंच टाकून. अकरा वाजले असतील. मी उंबऱ्यात हळद मोडत बसले होते. ती आली आणि माझ्या पाठीला चिकटून बसली, आवाज न करता. तिच्या हाताला लोणच्याचा वास येत होता. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की काय सांगू.

घरात व्हायचं ते झालं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणल्या, "बया माजली. लोणचं पाठवलं तर हाकलती व्हय लेकराला?" वैषूचे पप्पा गळ्यात रुमाल टाकून उभेच राहिले. चुलत भाऊ जमले. कुणी म्हणलं, जिल्ह्याला अर्ज करू. कुणी म्हणलं, शाळेला कुलूप ठोकू.

मी आडवी झाले दारात. "तुमी कुणी जायचं न्हाई."

"काहून? तुझी पोरगी न्हाई का ती?" वैषूचे पप्पा म्हणले.

"माझीच हाय, म्हणून म्हणते. माझा बाप गेला होता चाबूक घेऊन. काय उरलं माझं? मी जाते. एकटी."

तीन दिवस मला शेतातून निघता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर हिंमतही होईना. चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गेले. मॅडम उभ्यानं डबा खात होत्या. एक घास पोळीचा आणि दुसऱ्या हातानं कागद. मला बघितलं आणि म्हणल्या, "या. तुम्ही पण भांडून घ्या."

"भांडायचं असतं तर एकटी आले नसते, मॅडम. पोरगी चार दिवस झाले येत न्हाई. काहून येत न्हाई म्हणून एकदा तरी विचारलं का?"

"मला श्वास घ्यायला वेळ नाही हो!" त्यांचा आवाज चढला, आणि तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी चष्मा डोक्यावर सारला आणि एकदम मऊ आवाजात म्हणल्या, "हो सर. पाठवते सर. संध्याकाळपर्यंत, सर." फोन ठेवला. पोळीचा घास तसाच कागदावर पडलेला. मला त्यांची दया आली का? नाही, खोटं कशाला बोलू. राग तसाच होता. फक्त भांडायला तोंड उघडेना.

मी म्हणलं, "माझी शाळा सहावीत सुटली मॅडम. मास्तरच्या एका छडीपायी. हिची तशी सुटंल म्हणून मला झोप न्हाई. तुमी गोड बोला असं म्हणत न्हाई मी. पण लेकराची भीती काढायची कशी, तेवढं सांगा."

मॅडमनी टेबलावरचा हजेरीपट माझ्याकडं फिरवून दाखवला. जणू त्यांचीच तक्रार मी ऐकायला आले होते. तो लाल डाग बघितला आणि मला, देवाशपथ, हसू फुटलं. "अगं बाई! हळदीला साबण?"

"मग काय करायचं होतं?"

"उन्हात ठेवायचं. ऊन हळद खातं मॅडम. आमच्या साड्या काय दरसाल नव्या असतेत का?"

मॅडमनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी त्यांना वेडगळ वाटले असेन. पण साहेब यायचे बाकीच होते, तपासणी पुढं गेली होती. माणूस अडला की ऐकतो.

घरी येऊन मी वैषूच्या पप्पांना म्हणलं, शिजलेली हळद या साली शाळेच्या भिंतीपाशी वाळत घालू. "घरापुढं एवढी जागा पडली असताना तिथं काहून?" मी सांगितलं नाही, नुसतं बघितलं. आमच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती, एवढं त्यांना कळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली तिथं रिकामी झाली. वैषूला म्हणलं, "शाळेत जाऊ नको. माझ्यासंगं हळदीवर बस." ती आली. शाळेकडं पाठ करून बसली.

ते दिवस मला अजून जशेच्या तशे आठवतात. शिजलेली हळद उन्हात तडतडते, अगदी बारीक आवाज येतो, कान दिला तरच. फावडं फिरवलं की खालून गरम ओला वास वर येतो. कडुनिंबाची पिवळी पानं हळदीत पडायची आणि ती वेचून काढायचं काम वैषूचं. भिंतीपलीकडं पाढे चालायचे, मधेच डस्टर आपटल्याचा आवाज यायचा. तो आला की पोरगी दचकायची आणि माझ्या जवळ सरकायची. खिचडी शिजली की तिचा वास हळदीच्या वासात मिसळायचा आणि मग मुलं ताटल्या वाजवत बाहेर पळायची.

पहिल्याच दिवशी सुट्टीत मॅडम हजेरीपट घेऊन बाहेर आल्या. आमच्या ताडपत्रीच्या कडेला डाग पडलेलं पान उघडून तो ठेवला, चार कोपऱ्यांवर चार दगड. "शेळ्यांकडं लक्ष द्या," एवढं बोलून गेल्या. वैषूकडं बघितलंही नाही. वैषू माझ्या पाठीमागं, माझं लुगडं मुठीत धरून. त्या गेल्यावरच तिनं श्वास सोडला. रोज असंच व्हायचं. सुट्टीत हजेरीपट यायचा, घंटा झाली की आत जायचा. डागाचा रंग लालाचा केशरी झाला, मग पिवळा.

तिसऱ्या दिवशी वैषूनं शेळी हाकलली. चौथ्या दिवशी मी बघितलं, ती हजेरीपटाशेजारी उकिडवी बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. मी फावडं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तिला कळलं असतं.

त्याच दिवशी ती म्हणली, "मम्मी, मॅडम तुझ्यासारख्याच वरडतेत."

"मी कधी वरडले गं?"

"कुकरच्या दिवसांत. काल पप्पाला वरडलीस. परवा मला."

हळदीच्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नसतं, हे घरातली मांजरसुद्धा सांगेल. मी म्हणलं, "मग माझं भ्या वाटत न्हाई ते तुला?"

"तुझं कळतं ना मला. तू पदर खोचलास की वरडणार. मग मी आजीपाशी जाते."

"मग मॅडमचं बघ की काही कळतं का."

मी सहज बोलले होते. पण पोरीनं ते मनावर घेतलं. पाठ फिरवून बसणारी ती दुसऱ्या दिवशी खिडकीकडं तोंड करून बसली. पानं वेचता वेचता बघायची. संध्याकाळी ताडपत्री झाकताना माझ्या कानात म्हणली, "चष्मा. चष्मा डोक्यावर गेला की वरडतेत. अन् फोन वाजला की चष्मा डोक्यावर जातो." एवढं सांगून हसली. किती दिवसांनी हसली होती. मी तिला तिथंच उचलून घेतलं, आठ वर्षांच्या घोडीला.

रविवार सोडून हळदीवरचा नववा दिवस. दुपारचे दोन वाजले असतील. मॅडम बाहेर आल्या, हातात कागद फडफडताहेत, चष्मा डोक्यावर. वैषूनं मला कोपर मारलं. त्या माझ्यापाशी येऊन म्हणल्या, "ताई, तुम्हाला लिहिता येतं?"

"सहावीपर्यंत येत होतं."

"चारही वर्गांची यादी पाठवायची आहे, वजन-उंचीची. पाच वाजता माझी बस. मी वजनं घेते, तुम्ही हजेरीवरून नावं उतरवता का?"

मी हातपंपावर तीनदा हात धुतले. हळद ती, जाते थोडीच? मॅडमच्या खुर्चीवर बसायची लाज वाटली म्हणून स्टूल ओढलं. पेन हातात धरला तर बोटं आखडलेली. पहिलं नाव लिहायला मला किती वेळ लागला देव जाणे. आणि प्रत्येक नावाशेजारी माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा. मी म्हणलं, "मॅडम, कागद पिवळा व्हायलाय."

काट्यावर उभ्या पोराकडं बघतच त्या म्हणल्या, "राहू द्या."

हजेरीपटात बघायचं, मग कागदात बघायचं, परत हजेरीपटात जाईपर्यंत ओळ हरवायची. दोन नावं मी दोनदा लिहिली. घाम फुटला. मॅडमचा आवाज चढत होता, पोरं काट्यावरून उड्या मारत होती. आणि तेवढ्यात हजेरीपटावर एक लहान बोट येऊन टेकलं. वैषू उंबरा ओलांडून कधी आत आली, मला कळलंही नाही.

"आरती विठ्ठल," ती हळूच म्हणली. मी लिहिलं. "पुढं?" "अश्विनी माधव." "पुढं?" "बालाजी नामदेव." ती वाचायची, मी लिहायची. पाचसहा नावांनंतर तिचा आवाज मोकळा झाला. बाजारच्या एसटीतला आवाज. चौथीची पोरं वळून बघायला लागली.

आणि एका नावाला ती अडली. बोट तिथंच राहिलं. तिनं मान वर करून मॅडमकडं बघितलं. मॅडम आमच्याकडेच बघत होत्या, चष्मा डोक्यावर. मनात म्हणलं, आता जर ही बाई ओरडली तर संपलं सगळं.

मॅडमनी चष्मा खाली ओढला. नाकावर नीट बसवला. टेबलापाशी आल्या, वाकून बघितलं आणि म्हणल्या, "माझंच अक्षर घाणेरडं आहे. ज्ञानेश्वरी आहे ते."

"ज्ञानेश्वरी केशव," वैषूनं वाचलं.

"पुढं," मॅडम म्हणल्या. आणि कोपऱ्यातलं दुसरं स्टूल पायानं तिच्याकडं सरकवलं.

शेवटाकडं तिचं स्वतःचं नाव आलं. तिनं ते सगळ्यात मोठ्यानं वाचलं. मी ते सगळ्यात सावकाश लिहिलं. मॅडम वरून बघत होत्या, म्हणल्या, "हे छान आलंय." वाचलेलं का लिहिलेलं, ते आम्हा दोघींना आजपर्यंत कळलं नाही. घरी जाताना आम्ही त्यावरून भांडलो.

आता कुणी म्हणेल, मग मॅडम बदलल्या. कुठल्या बदलतात! एप्रिलपर्यंत डस्टर आपटतच होतं. फक्त वैषू घरी येऊन सांगायची, "आज चष्मा तीनदा वर." जास्त झालं की दप्तर टाकून थोडी रडायची पण, आणि मग जेवायला मागायची. पोट दुखायचं थांबलं. एकदा खूप लागेल असं बोलल्या तेव्हा मी परत गेले, तोंडावर सांगून आले, आणि त्यांनी ऐकून घेतलं. मे महिन्यात त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी माझा लोणच्याचा डबा वैषूच्या हातात परत पाठवला. उघडला तर आत वाटीभर साखर. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं तर.

त्यानंतर गाठ पडली नाही. त्या यादीपासून माझा हात मात्र परत चालू झाला. आता बचत गटाचं इतिवृत्त मीच लिहिते, आणि हे असलं काहीबाही पण. शाळेच्या भिंतीपाशी आता मोठा वर्ग बांधलाय. तिथं हळद वाळवायला जागा राहिलेली नाही. कडुनिंबही गेला. आमचीही हळद आता पत्र्याच्या शेडपुढच्या ओट्यावर वाळते.

"सापडलं बघा, ताई!" सरांचा आवाज आला. निर्गम रजिस्टर सापडलं होतं. पण माझ्यापुढं हजेरीपट उघडा होता, त्या महिन्याचं पान. डाग जवळजवळ उडालेला, फक्त कडेला झाक. मी वैषूची ओळ शोधली. मॅडमचं ते घाणेरडं अक्षर. हजर असेल तर उभी रेघ, गैरहजर असेल तर लाल 'ग'. अगदी वर आरतीच्या ओळीत दोन लाल 'ग' होते, खालच्या पोरीच्या ओळीत एक. वैषूच्या ओळीत डागाच्या दिवसापर्यंत रेघा. मग ती घरी होती त्या चार दिवसांचे चार लाल 'ग'. त्यापुढची नऊ घरं रिकामी. दहाव्या घरापासून परत रेघा.

मी बोट लावून मोजलं. दोनदा मोजलं. नऊच.

सर वाकून बघत म्हणले, "भरायचं राहून गेलं वाटतं त्यांचं."

"राहून न्हाई गेलं सर," मी म्हणलं. डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. चार वर्गांची हजेरी, साहेबांची तपासणी, सगळ्यांचे लाल 'ग' बराबर जागच्या जागी. माझं लेकरू हळदीवर असताना मात्र त्या बाईचा हात 'गैरहजर' लिहायला धजला नाही. ती भिंतीपाशी बसलेली रोज खिडकीतून दिसत होती ना त्यांना. दहा वर्षं मी म्हणत आले की ती हळदीवर होती तेव्हा मॅडमनी तिच्याकडं एकदाही बघितलं नाही.

वैषूचा फोन आला. ती नांदेडला होस्टेलवर असते. "मम्मी, उतारा मिळाला का?"

"मिळाला. अन् तुझी तिसरीची हजेरी पण सापडली. ते नऊ दिवस, आठवतेत का?"

"हळदीवर बसलेले? गैरहजेरी असंल."

"न्हाई गं. मॅडमनी काहीच लिहिलं न्हाई. रिकामं ठेवलंय."

मग ती म्हणली, "फोटो काढून पाठव." आवाज बदललेला होता.

मी पान सरळ केलं, अंगठ्यानं दाबून धरलं आणि फोटो काढला. त्या नऊ घरांशेजारी कोपऱ्यात माझा अंगठा आला होता, पिवळाजर्द, आणि उचलला तर कागदावरही त्याचा ताजा ठसा. सर म्हणले, "परत काढा ताई, बोट आलंय."

म्हणलं, "राहू द्या."